कमी झालेला आकडा

हिशेबाच्या कामात माणसाला एक खोड लागते. कागद हातात आला की डोळे आधी बेरजेवर जातात, मग गेल्या वर्षीच्या रकान्यावर. खर्च वाढलेला दिसला की सगळेच विचारतात, का वाढला? कमी झालेला दिसला की मालक खूश होतात आणि पान उलटतात. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रेस शॉपमध्ये मी अकाउंट्स सांभाळत होते. कमी झालेल्या आकड्यालाही जाब विचारावा लागतो, हे मी तिथं शिकले. पुढं घराचं कर्ज मुदतीच्या बरंच आधी फेडताना हीच शिकवण सगळ्यात जास्त कामी आली.

२००८ संपता संपता मंदी आली. मोठ्या गाडी कंपन्यांनी उत्पादन घटवलं आणि त्यांना पत्र्याचे सुटे भाग पुरवणाऱ्या आमच्यासारख्या छोट्या कारखान्यांच्या ऑर्डरी आटल्या. खर्चकपातीची यादी माझ्याच टेबलावर टाइप झाली. हातमोजे निम्मे करायचे, कॉटन वेस्ट मोजून द्यायचं, दुसऱ्या पाळीचा नाश्ता बंद, डायला धार लावायचं काम पुढं ढकलायचं. वरच्या साहेबांच्या गाड्यांचं डिझेल मात्र यादीत नव्हतं. पहिल्या महिन्यात खर्च झकास खाली आला. पुढं बोथट डायमधून निघणाऱ्या पार्टच्या कडांना ‘बर’, म्हणजे खरखरीत धार, यायला लागली, माल परत येऊ लागला आणि स्क्रॅपचा ढीग वाढला. फाटक्या मोज्यांनी पत्रा हाताळताना एका पोराच्या तळव्याला टाके पडले. ते बिल ‘वैद्यकीय’ खात्यात गेलं. मोज्यांच्या खात्यात बचत तशीच चकचकीत दिसत राहिली. वाचलेला पैसा एका पानावर आणि गेलेला दुसऱ्या पानावर, त्यामुळे दोघांची गाठ कधी पडलीच नाही. ती पाडायचं काम खरं तर माझं होतं, पण तेवढं ऐकून घेणारं त्या दिवसांत वर कुणी नव्हतं.

तीनेक वर्षांत कपातीची यादी घरातही करायची वेळ आली.

२०१० साली पाथर्डी फाट्याजवळ आम्ही टू बीएचके घेतला. यांची नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात, माझी अंबडला. दोन्हीकडं जायला जागा सोयीची. स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन धरून साडेएकोणीस लाखांच्या आसपास गेलं. त्यात यांच्या पीएफमधली उचल, माझ्या पाटल्या आणि बाकी १५ लाखांचं कर्ज. व्याज ९ टक्के, फ्लोटिंग, मुदत २० वर्षं, हप्ता १३,४९६ रुपये. २४० हप्त्यांची बेरीज ३२ लाख ३९ हजार होते. सही करताना मी ती करून पाहिली होती आणि तरीही सही केली होती. घर हवंच होतं. सासूबाई, आम्ही दोघं आणि मुलगी एवढी माणसं सिडकोतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत मावत नव्हतो.

मार्च २०१० ते ऑक्टोबर २०११ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर तेरा वेळा वाढवला आणि तो पावणेपाचवरून साडेआठ टक्क्यांवर गेला. पेपरात ती बातमी यायची, आम्ही वाचायचो आणि पान उलटायचो, कारण हप्ता तोच होता. दर महिन्याच्या पाच तारखेला १३,४९६ रुपये ईसीएसनं जात होते. २०१२च्या जानेवारीत इन्कम टॅक्सच्या कामासाठी मी कर्जखात्याचा उतारा मागवला आणि नेहमीच्या खोडीनं रकाने वाचू लागले. दर झाला होता १०.७५ टक्के. त्या महिन्याच्या हप्त्यात व्याज १३,२५८ रुपये आणि मुद्दल २३८ रुपये.

हप्ता न वाढवता बँकेनं मुदत वाढवली होती. त्या दरानं आणि त्या हप्त्यानं उरलेले १४ लाख ८० हजार फिटायला किती दिवस लागतील, ते मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये काढलं. साडेसदतीस वर्षांच्या वर उत्तर आलं, म्हणजे यांची पंचाहत्तरी. मग हप्त्याच्या रकान्यात १७,००० टाकून पाहिलं. उत्तर आलं चौदा वर्षं. महिन्याला साडेतीन हजार जास्त भरले की तेवीस वर्षं कमी होत होती. व्याजाचं हे असं असतं. हप्त्याचा मोठा भाग व्याजच खात असतं, तेव्हा वरून टाकलेला प्रत्येक रुपया सरळ मुद्दलावर पडतो आणि त्या रुपयावरचं पुढच्या सगळ्या वर्षांचं व्याज वाचतं. शेवटच्या वर्षात भरलेल्या मोठ्या रकमेला ही ताकद नसते. त्याच संध्याकाळी मी तो कागद घरी आणला. हे बराच वेळ २३८ या आकड्याकडं बघत बसले. “ओव्हरटाइमच्या एका रात्रीएवढं,” एवढंच म्हणाले.

हप्ता वाढवायचा अर्ज आम्ही दिला. पण दोघांचा मिळून पगार तेव्हा चाळीस हजारांच्या आत. सतरा हजार काढून उरलेल्यात घर चालवायचं तर यादी करावीच लागणार होती. मी दोनशे पानी लाँगबुक काढलं आणि पहिल्या पानावर लिहिलं: कपात कमावणाऱ्यांपासून.

त्याप्रमाणे पहिले आम्ही दोघं. यांची मोटारसायकल बदलायची ठरली होती, ती राहिली. कंपनीची बस नाक्यावरून जात होती, ती त्यांनी धरली. मी स्कूटीचा विचार सोडला. ऑफिसातल्या बायकांची भिशी होती, तीही बंद केली. हिशेब साधा होता: भिशीत अडकलेल्या पैशाला शून्य टक्के मिळत होते आणि त्याच वेळी बँक पावणेअकरा टक्के घेत होती. मैत्रिणींना वाईट वाटलं, थोडं बोलून झालं. रविवार सकाळची बाहेरची मिसळ नाशिककराला सोडवत नाही, म्हणून ती पूर्ण बंद न करता महिन्याच्या पहिल्या रविवारावर आणली. एप्रिलात वर्षाचा गहू भरायला लागलो. आधी आम्ही पाच-पाच किलोचा तयार आटा आणत होतो. सासूबाईंनी गव्हाला एरंडेल चोळायचं काम स्वतःकडं घेतलं. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया, पापड झाले. दूध, औषध, शाळा या तीन खात्यांना हात लावायचा नाही, असंही त्या पहिल्या पानावर होतं.

एक गोष्ट मी आधीच ठरवली होती. तीन महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते एवढी रक्कम एफडीत जमल्याशिवाय वाढवलेल्या हप्त्यापलीकडं कर्जात जादा पैसा भरायचा नाही. कारखान्याची नोकरी, ले-ऑफ कधी येईल सांगता येत नाही. कर्जात भरलेला पैसा परत काढता येत नाही. सगळं कर्जात घालून बसायचं आणि अडीनडीला चौदा-पंधरा टक्क्यांचं पर्सनल लोन काढायचं, असं करणारे आमच्या बिल्डिंगमध्येच होते.

२०१२च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं की फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घ्यायचा नाही. तोवर दोन टक्के वगैरे दंडाच्या धास्तीनं लोक पैसे हातात असून भरत नसत. त्या वर्षीच्या दिवाळीपासून आम्ही बोनसचे तीन भाग करू लागलो. एक भाग दिवाळीला, दोन कर्जाला. पार्ट पेमेंटच्या चेकसोबत मी दर वेळी एक अर्ज जोडायची आणि त्यात एक ओळ ठळक लिहायची: हप्ता आहे तोच ठेवावा, मुदत कमी करावी. ही ओळ नसली की काही वेळा हप्ताच कमी करून मिळतो. महिन्याला चार पैसे सुटल्यासारखे वाटतात आणि कर्ज मात्र तेवढंच लांब राहतं. पगारवाढीचाही नियम होता: निम्मी हप्त्याला, निम्मी घराला. सगळीच वाढ कर्जाला दिली असती तर घरातल्यांना वाढ झाल्याचं कळलंच नसतं, आणि ज्याचा लाभ कधीच दिसत नाही त्या कामात माणूस फार दिवस मनापासून राहत नाही. हप्ता सतराचा एकोणीस झाला, मग एकवीस, २०१५ला तेवीस हजार.

हे सगळं कागदावर छान चाललं होतं. २०१३च्या पावसाळ्यात तिमाही बेरजा मारताना ‘औषध’ या खात्याशी मी थांबले. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांचा खर्च जवळजवळ निम्म्यावर आला होता. मेडिकलवाल्यानं डिस्काउंट दिला असेल म्हणून बिलं काढली. भाव तोच होता, पट्ट्या कमी होत्या. रात्री त्या झोपल्यावर मी त्यांचा गोळ्यांचा डबा उघडला. पंधराच्या पट्टीत एका कोपऱ्यात, फॉइल पुन्हा दुमडून बंद केलेली अर्धी गोळी होती. ब्लेडनं सरळ कापलेली.

सकाळी विचारलं तर म्हणाल्या, “अगं, बरं वाटतंय मला. रोज अख्खी कशाला? तुमचं चाललंय ना दोघांचं, माझाही हातभार.”

त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. पहिल्या पानावर तर औषधाला हात लावायचा नाही असंच लिहिलं होतं. पण घरात रोज कर्जाची भाषा चालू होती आणि ज्याच्या हातात स्वतःचं उत्पन्न नाही त्याला ती भाषा सगळ्यात मोठ्यानं ऐकू येते. कमावणारा कपात करतो ती सांगून करतो. मोटारसायकल घेतली नाही हे यांनी चारचौघांत अभिमानानं सांगितलं होतं. सासूबाईंची अर्धी गोळी कुणाला दिसणारच नव्हती. पुढच्या आठवड्यात शाळेत पालकसभेला गेले तेव्हा कळलं, सहलीची चिठ्ठी मुलीनं घरी दाखवलीच नव्हती. बाईंना तिनं सांगितलं होतं, “आमच्याकडं त्या दिवशी पाहुणे येणार आहेत.” ती तेव्हा सहावीत होती.

मला आमची मोज्यांची यादी आठवली. कारखान्यात कपात वरून लादली गेली होती, घरात ती न सांगता झिरपत खाली गेली होती. दोन्ही ठिकाणी ती शेवटी त्याच माणसांपर्यंत पोचली, ज्यांच्याकडं ‘नाही’ म्हणायची सोय सगळ्यात कमी होती.

त्या महिन्यापासून वहीत दोन रंगांच्या खुणा आल्या. वाढलेल्या आकड्याला लाल, कमी झालेल्याला निळी. पहिल्या रविवारी मिसळ खाऊन आलो की वही उघडायची आणि निळ्या खुणा मोठ्यानं वाचायच्या. भाजी कमी का? श्रावणात स्वस्त होती. ठीक. वीजबिल कमी का? मे महिन्यात गावाला होतो. ठीक. ‘मुलगी, इतर’ खात्यात शून्य का? याला उत्तर आल्याशिवाय वही मिटायची नाही. सुरुवातीला सासूबाई हसायच्या, “खर्च केला नाही म्हणून जाब विचारणारी सून पहिल्यांदाच पाहिली.” पण पुढं त्याच स्वतःहून सांगू लागल्या की गुडघ्याचं तेल संपलंय, चष्म्याचा नंबर वाढलाय. मुलीच्या नावावर दर महिन्याला ठरावीक रक्कम ठेवली. तिला ती खर्च करावीच लागायची, पुढच्या महिन्यात ओढता यायची नाही. कर्जफेडीच्या वेगात यानं कितीसा फरक पडला असेल? वर्षाला फार तर सहा-सात हजार. एवढ्या पैशात घरातली सगळी माणसं कर्ज फेडण्यात सामील राहिली. फेडीखाली कुणी दबलं नाही.

ओळखीतले काहीजण म्हणायचे, कर्ज लवकर फेडणं वेडेपणा आहे, टॅक्स वाचतो. त्यांना मी गणित सांगायची. स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर तेव्हा दीड लाखांपर्यंत वजावट मिळत होती, २०१४-१५पासून ती दोन लाख झाली. पण आम्ही दहा टक्क्यांच्या स्लॅबमध्ये. शंभर रुपये व्याज भरायचं तेव्हा दहा-सव्वादहा रुपये कर वाचणार. त्या दहासाठी शंभर घालवायला कुठला अकाउंटंट सांगेल? आमच्या भाच्याचा मुद्दा जास्त वजनदार होता. तो म्हणायचा, हाच पैसा म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत टाका, लांब मुदतीत जास्त मिळेल. मिळालंही असतं. ज्याची नोकरी पक्की आहे आणि बाजार पडल्यावर झोप उडत नाही, त्यानं तसं जरूर करावं. आमच्या दोघांच्याही कारखान्यांना एकदा मंदीनं हलवून सोडलं होतं. आम्हाला नोकरी गेली तरी डोक्यावरचं छप्पर राहील याची खात्री हवी होती आणि तिच्यासाठी थोडं कमी मिळालं तरी चालणार होतं.

काटकसरीइतकंच काम अर्जांनीही केलं. एप्रिल २०१६पासून नवी कर्जं एमसीएलआर या नव्या दरपद्धतीवर जाऊ लागली, जुनी मात्र आधीच्या बेस रेटवरच राहिली. २०१७च्या जानेवारीत बऱ्याच बँकांनी एमसीएलआर झटक्यात उतरवला आणि जुन्या-नव्या ग्राहकांच्या दरात मोठी तफावत पडली. बँक आपणहून जुन्यांना बदलून देत नव्हती. अर्ज करून, फी भरून बदलून घ्यावं लागत होतं. आमचं तेव्हा सव्वासहा लाख शिल्लक. एक टक्का दर कमी म्हणजे वर्षाला सव्वासहा हजार. एका पानाच्या अर्जात महिनोन्‌महिने न खाल्लेल्या मिसळीची किंमत होती! तेव्हापासून नियम बरेच सुधारले. ऑक्टोबर २०१९पासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात. दर बदलल्यावर हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला द्यावा, असं रिझर्व्ह बँकेनं २०२३च्या ऑगस्टमध्ये सांगितलं. तरी कर्जखात्याचा उतारा वर्षातून एकदा मागवून मुद्दलाचा रकाना आपणच वाचावा. २३८ रुपयांसारखा आकडा पत्रात कुणी कळवत नाही.

२०१९च्या सुरुवातीला कर्ज बंद झालं, ठरल्या मुदतीच्या अकरा वर्षांहून जास्त आधी. शेवटचा चेक भरल्यावर काम संपतं असा लोकांचा समज असतो. नो ड्यूज सर्टिफिकेट घ्यायचं, मूळ करारनामा, इंडेक्स टू, रजिस्ट्रेशनची पावती, बिल्डरची एनओसी यादीशी ताडून ताब्यात घ्यायची. सुरुवातीला दिलेले सहीचे कोरे चेक परत मागायचे. सेरसाय या तारणांच्या नोंदवहीतून आपलं तारण काढलंय का ते बघायचं, सोसायटीच्या रजिस्टरमधला बोजा कमी करून घ्यायचा, सिबिलमध्ये खातं बंद दिसतंय याची खात्री करायची. आमची कागदपत्रं बँकेच्या दुसऱ्या गावातल्या गोदामात होती. पाठपुरावा बराच करावा लागला. १ डिसेंबर २०२३पासून कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत करणं बंधनकारक आहे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.

काटकसरीचे गोडवे गायला मला जमत नाही. त्या वर्षांत आम्ही फिरायला कुठं लांब गेलो नाही. एका जवळच्या लग्नात आमचा आहेर तोकडा होता आणि तो तसा असल्याचं आम्हाला ऐकूही आलं. ती वर्षं परत मिळत नाहीत. पण महिन्याचे तेवीस हजार मोकळे झाले तेव्हा त्यांची वाटणी कशी करायची यावर आमच्याकडं वाद झाला नाही, कारण वाटणीची सवय आधीच लागली होती. या वेळी यादी उलट क्रमानं लावली. आधी सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी दर महिन्याला रक्कम, मग यांची मोटारसायकल. माझी स्कूटी सगळ्यात शेवटी आली.

आता ऑफिसातली नवी मुलं माझ्याकडं हप्त्याचा हिशेब घेऊन येतात. मध्यंतरी स्टोअर्समधला एक मुलगा आला. महिन्याला पाच हजार जादा भरायचे म्हणत होता. किती वर्षं वाचतील ते काढून हवं होतं. मी म्हटलं, काढून देते, आधी घरखर्चाची वही आण. वही त्याच्या बायकोच्या अक्षरात होती, नीटनेटकी. किराणा, गॅस, पेट्रोल, आईबाबांना गावी पाठवलेले पैसे, त्याचं जिम, सगळं ओळीनं. ‘स्वतःसाठी’ असा एक रकाना तिनं आखला होता आणि तो सलग कोरा होता. मी त्याला तेवढा रकाना दाखवला आणि सांगितलं, पाच नको, चार हजार जादा भर. उरलेले हजार या रकान्यात दिसायला लागले की पुढच्या वर्षी ये, मग आपण हप्ता वाढवू.